लूप मोजल्याशिवाय बोर्ड पास करू नका

नव्या बोर्डला बारा व्होल्ट दिले, मल्टिमीटर लावला, ४.०१ व्होल्ट आले. लोड जोडल्यावर ३.९९ झाले. बहुतेक ठिकाणी पॉवर सप्लायची तपासणी इथेच संपते आणि बोर्ड फर्मवेअरवाल्यांच्या टेबलावर जातो. पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. आउटपुट वीस किलोहर्ट्झने दोनशे मिलिव्होल्ट वरखाली झुलत असेल, तरी त्याच्या पडद्यावर ४.०१ असेच दिसणार. महिन्या-दोन महिन्यांनी तक्रारी येऊ लागतात. गाडीला स्टार्टर मारला की मोडेम रिसेट होतो, थंडीत पहाटे बोर्ड उठत नाही, एका बॅचमधले काही नग शिट्टी मारतात. मग दोष सिमकार्डला, नेटवर्कला, फर्मवेअरला लावला जातो. सप्लायकडे कोणी वळून बघत नाही, कारण तो आधीच पास झालेला असतो.

भोसरी, चाकण, अंबड अशा ठिकाणच्या लहान कंपन्यांत सर्किट काढणे, लेआउट करणे, पार्ट मागवणे आणि पहिला नग चालवून बघणे ही सगळी कामे बहुधा एकाच माणसाकडे असतात. त्याच्यासाठी हा लेख आहे. डीसी-डीसी कन्व्हर्टरची स्थिरता आयसीसोबत विकत मिळत नाही. ती तुमच्या कपॅसिटरवर, इंडक्टरवर, इनपुटच्या वायरवर आणि लोडच्या स्वभावावर ठरते. म्हणून तिचे गणित तुमच्या पार्टच्या खऱ्या किमती घालूनच करावे लागते आणि तयार बोर्डवर ती मोजावी लागते.

उदाहरण म्हणून बसमध्ये किंवा टॅक्सीत बसणारा ट्रॅकर घेऊ. एआयएस १४० या मानकामुळे अशी उपकरणे आपल्याकडे मोठ्या संख्येने बनतात. टॅक्सीची १२ व्होल्टची बॅटरी आणि ४ व्होल्टवर चालणारा मोडेम यांच्यामध्ये एक बक कन्व्हर्टर असतो. मोडेम २जीवर असेल तर तो दर ४.६१५ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा, ५७७ मायक्रोसेकंदांपुरता जवळजवळ २ अँपिअर खेचतो आणि लगेच सोडतो. कन्व्हर्टरच्या कंट्रोल लूपची यापेक्षा कठोर परीक्षा शोधून सापडायची नाही.

लूपचे सूत्र थोडक्यात असे. आउटपुटचा काही भाग दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरमधून परत येतो, रेफरन्सशी ताडला जातो आणि एरर अँप्लिफायर त्या फरकाप्रमाणे ड्यूटी सायकल कमी-जास्त करतो. या फेरीत उशीर होतो. एखाद्या फ्रिक्वेन्सीला तो उशीर इतका वाढतो की सुधारणा उलट दिशेने पोचते. त्या फ्रिक्वेन्सीला लूपचा गेन एक किंवा जास्त उरला असेल तर सर्किट ऑसिलेट होते. गेन जिथे एकवर येतो ती क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी, आणि तिथे उलट दिशा गाठायला जितके अंश बाकी असतात ते फेज मार्जिन. नायक्विस्टने १९३२ साली हा निकष मांडला. स्विचिंग कन्व्हर्टरला तो लावता येईल असे सरासरीचे गणित कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या मिडलब्रुक आणि चुक यांनी १९७६ साली दिले. त्यामुळेच आज आपण स्विच होणारे सर्किट साध्या अँप्लिफायरसारखे हाताळू शकतो. मात्र स्विचिंग फ्रिक्वेन्सीच्या निम्म्याजवळ गेलो की ही सरासरी खोटी पडते.

फेज मार्जिन किती हवे? ५२ अंशांना बंद लूपचा क्यू साधारण एक असतो, म्हणजे लोड बदलल्यावर थोडी उसळी दिसते. ७६ अंशांना तो अर्धा होतो आणि उसळी जवळजवळ नाहीशी होते. माझे मत विचाराल तर टेबलावर, खोलीच्या तापमानाला ६० अंशांच्या खाली काहीही मंजूर करू नये. ४५ चालते असे पुस्तकांत लिहिलेले असते, पण ते ४५ सगळ्या टोकाच्या परिस्थितींत उरले पाहिजेत.

गणित करताना कोणता कपॅसिटर धरायचा

आता आकडे घालू. इनपुट १२ व्होल्ट, आउटपुट ४ व्होल्ट, जास्तीत जास्त करंट २.५ अँपिअर, स्विचिंग ४०० किलोहर्ट्झ, इंडक्टर १० मायक्रोहेन्री. ड्यूटी एक तृतीयांश, त्यामुळे इंडक्टरमधला रिपल करंट सुमारे ०.६७ अँपिअर येतो. तो ठीक आहे. आयसी पीक करंट मोडचा आहे, कारण हल्लीचे बरेच तसे असतात.

क्रॉसओव्हर स्विचिंगच्या एक दशांशावर ठेवू, म्हणजे ४० किलोहर्ट्झ. मोडेमने २ अँपिअरचा झटका दिल्यावर आउटपुट १५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त बसू नये अशी अट घालू. लूपला जाग येईपर्यंत लोडला कपॅसिटरच पोसतो. म्हणून लागणारी कपॅसिटन्स म्हणजे करंटचा झटका भागिले दोन पाय गुणिले क्रॉसओव्हर गुणिले चालणारी घट. इथे उत्तर ५३ मायक्रोफॅरड येते.

सगळ्यात जास्त बोर्ड याच पायरीवर बिघडतात. बिलावर ‘२२ मायक्रोफॅरड, १० व्होल्ट, एक्स५आर’ लिहिलेला लहान आकाराचा सिरॅमिक कपॅसिटर ४ व्होल्टचा डीसी पडल्यावर २२ राहत नाही. त्यातल्या डायइलेक्ट्रिकचा हा गुणच आहे. उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या पार्ट नंबरचा डीसी बायसचा आलेख असतो, तो उघडून बघा. समजा त्यावर ४ व्होल्टला ११ मायक्रोफॅरड दिसले. मग ५३ साठी असे पाच कपॅसिटर लागतात. कागदावर ११०, प्रत्यक्षात ५५.

कॉम्पेन्सेशन काढताना यातला कोणता आकडा घालायचा? ५५. डेटाशीटमधून आपल्याला तीन गोष्टी लागतात: रेफरन्स ०.८ व्होल्ट, एरर अँप्लिफायरचा ट्रान्सकंडक्टन्स दर व्होल्टला ४०० मायक्रोअँपिअर, आणि पॉवर स्टेजचा ट्रान्सकंडक्टन्स दर व्होल्टला ८ अँपिअर. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या आयसीचे वेगळे असतील. कॉम्प पिनवरच्या रेझिस्टरसाठी दोन पाय, क्रॉसओव्हर, कपॅसिटन्स आणि आउटपुट-रेफरन्सचे गुणोत्तर यांचा गुणाकार करून त्याला दोन्ही ट्रान्सकंडक्टन्सच्या गुणाकाराने भागा. इथे २१.६ किलोओहम येतात, म्हणून २२ किलोओहम लावू. पूर्ण लोडला आउटपुटचा पोल १.८ किलोहर्ट्झवर आहे. रेझिस्टरच्या सिरीजमधल्या कपॅसिटरने तिथे झिरो बसवायचा, त्यासाठी ३.९ नॅनोफॅरड. स्विचिंगचा गोंगाट कापायला स्विचिंगच्या निम्म्याजवळ एक पोल हवा, त्यासाठी कॉम्प पिनपासून ग्राउंडला ३३ पिकोफॅरड. करंट लूपच्या सॅम्पलिंगचा उशीर धरूनही फेज मार्जिन ६५ ते ७० अंशांच्या मध्ये येते.

हेच गणित कागदावरचे ११० धरून केले तर रेझिस्टर दुप्पट, म्हणजे ४३ किलोओहम निघतो. बोर्डवर मात्र कपॅसिटन्स ५५ आहे, त्यामुळे खरा क्रॉसओव्हर ४० ऐवजी ८० किलोहर्ट्झला जाऊन बसतो. तिथे सॅम्पलिंगचा उशीर आणि वरचा पोल मिळून फेज खातात आणि मार्जिन ४०-४५ वर येते. पार्ट अस्सल, आयसी अस्सल, सूत्रही बरोबर, तरी पंचवीसेक अंश हातातून गेलेले असतात. मल्टिमीटरवर दोन्ही बोर्ड ४.०१ व्होल्टच दाखवतात.

मोडेमचे उत्पादक मोडेमच्या पिनजवळ आणखी एखादा मोठा टँटलम लावायला सांगतात. तोही तुमच्या आउटपुट कपॅसिटरचाच भाग आहे, गणितात धरा. मध्ये फेराइट बीड घातला असेल तर एक नवा एलसी तयार होतो. त्याचा रेझोनन्स क्रॉसओव्हरच्या जवळ येणार नाही एवढे पाहा.

जुन्या आयसींची गोष्ट याच्या उलट आहे. एलएम२५९६ घ्या. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत त्याचे तयार मोड्यूल हवे तेवढे मिळतात. १५० किलोहर्ट्झचा हा व्होल्टेज मोड रेग्युलेटर आहे आणि त्याचे कॉम्पेन्सेशन आतच बंद आहे. तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या काळात घडला. २२० मायक्रोफॅरड आणि ०.१ ओहम ईएसआर असलेला इलेक्ट्रोलिटिक ७.२ किलोहर्ट्झवर एक झिरो देतो. इंडक्टर-कपॅसिटरच्या रेझोनन्सने घालवलेली फेज हा झिरो परत मिळवून देतो, आणि आयसीच्या आतली रचना ती मिळेलच असे धरून चालते. कोणी ‘सुधारणा’ म्हणून तिथे एखादा चांगला सिरॅमिक बसवला, तर त्याच्या काही मिलिओहम ईएसआरमुळे तो झिरो दोन मेगाहर्ट्झच्या पलीकडे निघून जातो. लूपला मदत मिळत नाही आणि सप्लाय हंटिंग करू लागतो. महाग कपॅसिटर लावल्यावर सर्किट बिघडले की लोक चक्रावतात. कारण एवढेच असते.

इलेक्ट्रोलिटिकचीही एक अडचण लक्षात ठेवा. शून्याखालच्या तापमानात त्याचा ईएसआर कित्येक पटींनी वाढतो आणि म्हातारपणीही वाढत जातो. लेह-मनालीच्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीत बसणारा बोर्ड पुण्यातल्या खोलीत मोजून भागत नाही.

आतच कॉम्पेन्सेशन असलेल्या नव्या आयसींत हाताशी एकच साधन उरते: डिव्हायडरच्या वरच्या रेझिस्टरला समांतर लावायचा काही पिकोफॅरडचा फीडफॉरवर्ड कपॅसिटर. तो थोडी फेज वर उचलतो. किती, हे आउटपुट आणि रेफरन्स यांच्या गुणोत्तरावर अवलंबून आहे. आपल्या ४ व्होल्ट आणि ०.८ व्होल्टच्या जोडीत जास्तीत जास्त सुमारे ४२ अंश मिळू शकतात. आउटपुट १.२ व्होल्ट असेल तर साडेअकरा अंशच, म्हणजे तिथे त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही. शिवाय तो गेनही वाढवतो आणि क्रॉसओव्हर वर ढकलतो, म्हणून लावल्यावर पुन्हा मोजा.

स्टार्टर मारल्यावर काय होते

गाडीची बॅटरी बारा व्होल्टची असली तरी स्टार्टर फिरताना ती ८ व्होल्टच्या खाली जाऊ शकते. आउटपुट ४ व्होल्ट असताना इनपुट ८ च्या खाली गेले की ड्यूटी अर्ध्याच्या वर जाते. पीक करंट मोडमध्ये ही सीमा महत्त्वाची आहे. तिच्यापलीकडे एका सायकलमधली छोटी चूक पुढच्या सायकलमध्ये उलट दिशेने आणि मोठी होऊन येते. एक पल्स रुंद, पुढची अरुंद, पुन्हा रुंद. हा बाहेरच्या व्होल्टेज लूपचा दोष नसतो, त्यामुळे कॉम्प पिनवरचे पार्ट कितीही बदलले तरी तो जात नाही. त्याला उपाय स्लोप कॉम्पेन्सेशन. इंडक्टरचा करंट ज्या उताराने खाली येतो त्याच्या किमान निम्म्या उताराचा रॅम्प मिसळावा लागतो. आपल्या सर्किटमध्ये खाली येणारा उतार मायक्रोसेकंदाला ०.४ अँपिअर आहे, म्हणजे रॅम्प किमान ०.२ हवा.

बहुतेक आयसींत हा रॅम्प आतच ठरलेला असतो. खरेदीवाल्याने १० ऐवजी ४.७ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर आणला, ‘करंट रेटिंग तर जास्तच आहे’ म्हणून तो लावला, तर उतार ०.८५ होतो आणि ०.४३ चा रॅम्प लागतो. आयसीच्या आत तो नसेल तर बारा व्होल्टवर सगळे छान चालेल आणि स्टार्टर मारल्याबरोबर बिघडेल. डेटाशीटमध्ये इंडक्टरची जी मर्यादा दिलेली असते ती यासाठी. इंडक्टर बदलायचा झाला तर खरेदी विभागाने डिझाइनवाल्याला विचारल्याशिवाय बदलू नये, असा नियमच करून टाका.

इनपुटच्या बाजूलाही तेवढेच लक्ष हवे. आदर्श कन्व्हर्टर आउटपुटची पॉवर कायम राखतो. त्यामुळे इनपुट व्होल्टेज कमी झाले की तो जास्त करंट ओढतो. बाहेरून बघणाऱ्याला हा ऋण रेझिस्टन्स वाटतो. १० वॉट आउटपुट, ९० टक्के कार्यक्षमता धरली तर १२ व्होल्टला हा रेझिस्टन्स उणे १३ ओहम आणि ८ व्होल्टला उणे ५.८ ओहम होतो. इएमआयसाठी पुढे ४.७ मायक्रोहेन्री आणि खऱ्या १० मायक्रोफॅरडचा फिल्टर लावला आणि त्याला डॅम्पिंग दिले नाही, तर २३ किलोहर्ट्झवर त्याचा इंपिडन्स ७ ओहमपर्यंत जाऊ शकतो. १२ व्होल्टला ७ हा आकडा १३ पेक्षा कमी आहे, म्हणून टेबलावर सर्किट शांत दिसते. ८ व्होल्टला तो ५.८ ओलांडतो आणि कन्व्हर्टर आपल्याच इनपुट फिल्टरशी झुलू लागतो. मिडलब्रुक यांनी हा निकषही १९७६ सालीच मांडला: फिल्टरचा आउटपुट इंपिडन्स कन्व्हर्टरच्या इनपुट इंपिडन्सपेक्षा सगळीकडे बराच खाली हवा.

उपाय स्वस्त आहे. सिरॅमिकच्या शेजारी त्याच्या चार-पाच पट कपॅसिटन्सचा साधा इलेक्ट्रोलिटिक लावा. ४७ मायक्रोफॅरड आणि अर्ध्या ते पाऊण ओहमच्या ईएसआरचा पुरेल. फिल्टरचा शेंडा एका ओहमच्या आत येतो. इथे जरा जास्त ईएसआरच उपयोगी पडतो, म्हणून ‘लो ईएसआर’ लिहिलेला महाग भाग मुद्दाम घेऊ नका. लांब वायरसुद्धा इंडक्टरच असते, दर मीटरला ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री. गाडीत बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत ती लांबच असते. टेबलावर मात्र आपण हातभर वायर लावून मोजतो.

बूस्ट आणि फ्लायबॅक

बूस्ट कन्व्हर्टर करणाऱ्यांना एक इशारा. बक स्थिर करता आला म्हणजे तीच पद्धत इथे चालेल असे धरू नका. पाटाला बांध घालून पाण्याची पातळी चढवायची तर आधी खालच्या वाफ्याचे पाणी तुटते. बूस्टमध्ये तसेच होते. आउटपुट वाढवायला ड्यूटी वाढवली की स्विच जास्त वेळ चालू राहतो, तेवढा वेळ इंडक्टर आउटपुटपासून तुटलेला असतो, आणि आउटपुट आधी आणखी खाली जाते. गणितात याला उजव्या अर्ध्या प्रतलातला झिरो म्हणतात. तो गेन वाढवतो आणि फेज मात्र घटवतो, त्यामुळे कोणत्याही कॉम्पेन्सेशनने तो खोडून काढता येत नाही. १२ वरून २४ व्होल्ट, १ अँपिअर, २२ मायक्रोहेन्री असेल तर हा झिरो ४३ किलोहर्ट्झवर असतो. इनपुट ९ व्होल्ट झाले की तो २४ किलोहर्ट्झवर उतरतो. क्रॉसओव्हर त्याच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ठेवायचा असेल तर ६ ते ८ किलोहर्ट्झवर थांबावे लागते, तेही सगळ्यात कमी इनपुट आणि सगळ्यात जास्त लोड धरून. इंडक्टर लहान केला तर हा झिरो वर जातो. रिपल थोडा वाढला तरी चालेल, पण लूपला जागा मिळते.

ऑप्टोकपलर असलेल्या फ्लायबॅकमध्ये टीएल४३१ आणि पीसी८१७ ही जोडी आपल्याकडे घरोघरच्या चार्जरमध्ये आहे. पीसी८१७ च्या शेवटी येणारे अक्षर बघितल्याशिवाय तो लावू नका. ए श्रेणीचा करंट ट्रान्सफर रेशो ८० ते १६० टक्के आहे, सी श्रेणीचा २०० ते ४००. एका श्रेणीतच गेन दुप्पट होऊ शकतो, म्हणजे ६ डेसिबेल. दुकानात ‘८१७ द्या’ एवढेच म्हटले तर कोणते अक्षर हाती पडेल ते सांगता येत नाही. डिझाइन करताना दोन्ही टोकांना मार्जिन काढा आणि पार्टलिस्टमध्ये ते अक्षर लिहा.

मोजायचे कसे

सगळ्यात सोपी चाचणी लोड स्टेपची. एक लॉजिक लेव्हल मॉसफेट घ्या आणि १० ओहमचे पाच मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा. दोन ओहम झाले. वायरवाउंड नको, त्याचा इंडक्टन्स मोजमाप बिघडवतो. सिग्नल जनरेटरवर २१७ हर्ट्झ, साडेबारा टक्के ड्यूटी लावा. हा झाला तुमचा नकली मोडेम, बरोबर २ अँपिअरचा. स्कोप एसी कपलिंगवर, बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर. प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून टाका आणि छोटी स्प्रिंग थेट आउटपुट कपॅसिटरवर टेकवा. आता झटक्याच्या दोन्ही कडा बघा. एक गुळगुळीत खळगा आणि सावकाश परत येणे दिसले तर मार्जिन भरपूर आहे. वर जाऊन एकदा खाली येऊन बसले तर ४५ च्या आसपास. तीन-चार लाटा मोजता आल्या तर तो बोर्ड पुढे पाठवू नका. लाटांची फ्रिक्वेन्सी म्हणजे ढोबळमानाने तुमचा खरा क्रॉसओव्हर. तो गणितातल्या ४० किलोहर्ट्झशी जुळत नसेल तर कपॅसिटरची किंमत कुठे तरी चुकीची धरली आहे.

ही चाचणी किमान आणि कमाल इनपुटला, हलक्या आणि पूर्ण लोडला, थंड आणि गरम करून घ्या. हलक्या लोडला कन्व्हर्टर पल्स गाळू लागतो आणि लूपचा स्वभावच बदलतो. झोपेतून उठणारा मोडेम नेमका तिथूनच झटका मारतो. किमान इनपुटला मोजताना बेंच सप्लायची वायर मुद्दाम दोन मीटर लांब घ्या.

नेमके अंश हवे असतील तर आउटपुट आणि डिव्हायडरचा वरचा रेझिस्टर यांच्या मध्ये १० ते ५० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्यावर ट्रान्सफॉर्मरमधून छोटा साइन सिग्नल सोडा. लूप न तोडता मोजायची ही पद्धत मिडलब्रुक यांची, १९७५ सालची. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स अ‍ॅनालायझर असेल तर काम पाच मिनिटांचे आहे. हल्ली काही मध्यम किमतीच्या डिजिटल स्कोपमध्येही बोडे प्लॉटची सोय असते. तीही नसेल तर सिग्नल जनरेटर, छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि दोन चॅनलचा स्कोप पुरतो. रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना एकेक प्रोब लावा, जनरेटरच्या सिंकवर ट्रिगर करा, स्कोप अ‍ॅव्हरेजवर ठेवा आणि फ्रिक्वेन्सी फिरवत जा. दोन्ही टोकांचे अँप्लिट्यूड जिथे सारखे होते तो क्रॉसओव्हर. तिथे दोन लहरींमधला कोन हेच फेज मार्जिन, त्यातून काही वजा करायचे नाही. ४० किलोहर्ट्झला एक फेरी २५ मायक्रोसेकंदांची, म्हणून ६० अंश म्हणजे ४.२ मायक्रोसेकंद. सिग्नल निम्मा करून पुन्हा मोजा. उत्तर बदलले तर आधीचा सिग्नल मोठा होता.

काही दिसलेच तर त्याचे कारण ओळखायला स्विच नोड बघा. पल्स एकाआड एक रुंद-अरुंद, तंतोतंत निम्म्या फ्रिक्वेन्सीला, असतील तर स्लोप कॉम्पेन्सेशन कमी आहे. पल्सची रुंदी काही किलोहर्ट्झच्या संथ लयीत श्वास घेतल्यासारखी बदलत असेल तर व्होल्टेज लूप किंवा इनपुट फिल्टर. इनपुटला मोठा इलेक्ट्रोलिटिक हाताने टेकवून बघा. लय थांबली तर फिल्टर. रुंदी कशीही, बिनताल थरथरत असेल तर गोंगाट फीडबॅकमध्ये शिरतो आहे. डिव्हायडरचे रेझिस्टर आणि कॉम्प पिनचे पार्ट आयसीच्या अगदी जवळ आहेत का, त्यांचे ग्राउंड पॉवर ग्राउंडच्या वाटेत आले आहे का, फीडबॅकची ट्रेस इंडक्टरखालून गेली आहे का, हे लेआउटमध्ये शोधा. आणि प्रत्येक शिट्टी अस्थिरतेची नसते. २१७ हर्ट्झच्या झटक्यांनी सिरॅमिक कपॅसिटर बोर्डला धरून कंप पावतो आणि तो आवाज कानाला ऐकू येतो. तेव्हा लूपला हात लावू नका, कपॅसिटरची जागा बदला.

मोजलेला आलेख, इनपुट, लोड, तापमान आणि कपॅसिटरचा पूर्ण पार्ट नंबर एका पानावर लिहून डिझाइनच्या फाइलमध्ये ठेवा. दोन वर्षांनी एखादा पार्ट बाजारातून गेला आणि पर्याय लावायची वेळ आली, तर तुमच्या जागी बसलेल्या माणसाला तेच पान लागेल.

आणि एक विनंती. पुढचा बोर्ड काढाल तेव्हा आउटपुट आणि डिव्हायडरच्या मध्ये एका ०६०३ रेझिस्टरची जागा ठेवा. उत्पादनात तिथे शून्य ओहम बसेल, तपासणीला २२ ओहम. कॉम्प पिनवरच्या तिन्ही पार्टना आणि फीडफॉरवर्ड कपॅसिटरलाही पॅड द्या, आज तो लावायचा नसला तरी. बोर्ड छापून आल्यावर ट्रेस कापून रेझिस्टर घुसवणे जिकिरीचे असते, आणि जिकिरीचे काम असले की मोजणी राहून जाते.